हिमनदीचा नवस

नवस बोलणे आणि बोललेला नवस फेडणे ही आपल्या धर्मग्रामांना नवखी गोष्ट नाही. तापाने फणफणलेले मूल बरे व्हावे, दर्यावर गेलेला माणूस सुखरूप घरी यावा, खणलेल्या विहिरीला गोडे पाणी लागावे, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी क्रुसापुढे मेणबत्त्या लावल्या, उपास धरले, अनवाणी यात्रा केल्या. मागणे पुरे झाले की नवस फिटतो आणि माणूस मोकळा होतो. परंतु तीनशेहून अधिक वर्षे इमानाने पाळलेल्या एका नवसातील मागणेच एके दिवशी उलटे करावे लागले, आणि त्यासाठी थेट रोमला अर्ज करावा लागला, अशी हकीकत जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ती घडली स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या कुशीतील फीश नावाच्या एका लहानशा कॅथलिक गावात. आणि तिच्या केंद्रस्थानी आहे एक हिमनदी.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला व्हाले नावाचा प्रांत आहे. ऱ्होन नदीचे खोरे म्हणजेच हा प्रांत, असे म्हटले तरी चालेल. धर्मसुधारणेच्या वादळात झुरिक, बर्न, जिनिव्हा ही शहरे प्रॉटेस्टंट झाली. व्हाले मात्र कॅथलिक राहिला. दोन्ही बाजूंना चार-चार हजार मीटर उंचीची शिखरे आणि मध्ये अरुंद दरी अशी येथील भूरचना असल्यामुळे पावसाचे ढग बाहेरच अडतात. दरीच्या तळाशी वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणातील पावसाचा साधारण चौथा हिस्सा. मग शेती पिकते ती कशावर? हिमनद्यांच्या पाण्यावर. उन्हाळ्यात बर्फ वितळते, ते पाणी कड्याकपारींतून काढलेल्या लाकडी पाटांनी कुरणांपर्यंत आणि द्राक्षमळ्यांपर्यंत आणले जाते. हे पाट कड्याला टांगून बांधताना आणि दरसाल दुरुस्त करताना माणसे दरीत कोसळत असत. हिमनदी ही त्या लोकांची अन्नदात्री होती, आणि तीच त्यांची वैरीणही होती.

हिमनदीचा व्यवहार एखाद्या जमाखर्चासारखा असतो. उगमाकडील उंच भागात हिवाळ्यात हिम साचते. वर्षानुवर्षांच्या थरांच्या भाराने त्याचे घट्ट बर्फ बनते आणि ते स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागते. खाली, मुखाशी, उन्हाळ्यात ते वितळते. जमा अधिक झाली की मुख पुढे सरकते, खर्च अधिक झाला की मागे हटते. फीश गावाच्या वरच्या अंगाला असलेली आलेच हिमनदी ही आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी. तिची लांबी आजही २० किलोमीटरच्या घरात भरते आणि तिच्या मध्यभागी बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे.

चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळाला शास्त्रज्ञ ‘छोटे हिमयुग’ म्हणतात. त्या काळात युरोपचे हवामान थोडे थंड होते, फार नव्हे. परंतु हिमनद्यांच्या जमाखर्चात तेवढा फरकही पुरेसा असतो. आल्प्समधल्या हिमनद्या फुगल्या आणि खाली उतरू लागल्या. कुरणे गेली, पाट मोडले, घरे बर्फाखाली चिरडली गेली. आलेचच्या काठाने काढलेला ओबररीडेरिन नावाचा पाट तर चौदाव्या शतकातच बर्फाने गिळला होता. सतराव्या शतकात हिमनदी पुन्हा पुढे सरसावली. शिवाय आलेचच्या एका बाजूला, बर्फाच्याच भिंतीने अडवलेले मेर्येलेन नावाचे सरोवर होते. ही भिंत अधूनमधून फुटे आणि पाण्याचा लोंढा खालच्या गावांवर येऊन आदळे. रात्री अंथरुणावर पाठ टेकताना उद्या आपले शेत जागेवर असेल की नाही, ह्याची शाश्वती नसलेल्या लोकांची ही कथा आहे.

अशा वेळी त्यांनी काय केले? तेच, जे आपणही केले असते. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना हाक मारली. सीमेपलीकडे, आजच्या फ्रान्समधील शामोनीच्या दरीतही हेच घडले होते. १६४४ साली तेथील लोकांच्या विनंतीवरून जिनिव्हाचे साहाय्यक महागुरुस्वामी शार्ल द साल सुमारे ३०० लोकांची मिरवणूक घेऊन हिमनदीच्या मुखापाशी गेले आणि त्यांनी विधिपूर्वक प्रार्थना करून तिला आवर घातला. हे महागुरुस्वामी म्हणजे आपल्या परिचयाचे संत फ्रान्सिस द साल ह्यांचे पुतणे. नऊ वर्षांनी, १६५३ साली, आलेचच्या पायथ्याच्या नाटर्स गावाने येशूसंघीय धर्मगुरूंकडे माणसे पाठवली. येशूसंघीयांनी गावात आठवडाभर प्रवचने दिली आणि लोकांना पश्चात्तापाचे आवाहन केले. मग सारा गाव, डोकी उघडी ठेवून, पावसात भिजत, स्तोत्रे गात चार तासांची वाट चालून हिमनदीपाशी गेला. तेथे पवित्र मिस्सा झाला, प्रवचन झाले, बर्फावर आशीर्वादित पाणी शिंपडण्यात आले आणि संत इग्नेशियस लोयोलांची प्रतिमा एका स्तंभावर हिमनदीच्या समोर उभी करण्यात आली. हिमनदी थांबली, असे त्या वेळच्या वृत्तान्तात नमूद आहे.

१६७८ साली, पोप अकरावे इनोसंट ह्यांच्या कारकिर्दीत, फीश आणि फीशरटाल येथील लोकांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी गावाच्या वतीने परमेश्वरापुढे रीतसर नवस केला. आम्ही सदाचाराने जगू, आणि हिमनदी वाढू नये म्हणून प्रार्थना करू, असे दोन भाग त्या नवसात होते. पहिल्या भागाचा पुढे सर्वांना विसर पडतो. वृत्तपत्रांना नेहमी दुसऱ्याच भागाचे कौतुक. परंतु मला वाटते, त्या शेतकऱ्यांच्या लेखी ते दोन भाग वेगळे नव्हते. गावात भांडणतंटा आहे, दारूचा सुळसुळाट आहे, विधवेची जमीन कोणी लाटली आहे, आणि आपण मात्र बर्फाला थांब म्हणून सांगतो आहोत, ह्यातली विसंगती त्यांना कळत होती.

ह्या मिरवणुकांना ‘अडाणी लोकांची अंधश्रद्धा’ म्हणून निकालात काढणे फार सोपे आहे. वास्तविक आजच्या हवामानशास्त्राला ह्याच मिरवणुकांनी मोठा आधार दिला आहे. तापमापक नुकते जन्माला येत होते आणि आल्प्सच्या खेड्यांत ते पोहोचलेही नव्हते, त्या काळी हिमनदीचे मुख नेमके कोठे होते हे आज कसे कळणार? ते कळते धर्मग्रामांच्या दप्तरांवरून, येशूसंघीयांच्या वृत्तान्तांवरून, बुडालेल्या कुरणांचा सारा माफ करावा म्हणून केलेल्या अर्जांवरून. फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी ह्यांनी अशा कागदपत्रांतून हवामानाचा इतिहास लिहिला. स्विस भूगोलतज्ज्ञ हान्सपेटर होल्त्सहाउझर ह्यांनी आलेचच्या काठी गाडल्या गेलेल्या झाडांच्या खोडांतील वर्तुळे मोजली, ती जुन्या कागदांशी आणि मोडलेल्या पाटांशी ताडून पाहिली, आणि हिमनदीच्या चढउताराचा शेकडो वर्षांचा आलेख तयार केला. त्या आलेखात साधारण १३७० च्या सुमारास, १६७० च्या सुमारास आणि १८६० च्या सुमारास असे तीन मोठे उंचवटे दिसतात. फीशच्या लोकांनी नवस केला तो अगदी दुसऱ्या उंचवट्याच्या माथ्यावर. भीतीने त्यांची मोजणी चुकवली नव्हती.

हिमनदीच्या शास्त्राचा जन्मही ह्याच दऱ्यांतला. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या राखेने आणि वायूंनी सूर्यप्रकाश अडवला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. व्हालेतील बान्य खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचे कडे कोसळत राहिले. त्या बर्फाने द्रांस नदी अडवली आणि पाठीमागे मोठे सरोवर तुंबले. प्रांताचे अभियंता इग्नात्स व्हेनेट्स ह्यांनी बर्फाच्या बांधातून बोगदा खणवून पाणी हळूहळू सोडण्याचा आटोकाट प्रयत्न केला. बरेच पाणी गेलेही. तरी १६ जून १८१८ रोजी बांध फुटलाच आणि ४० च्या आसपास माणसे वाहून गेली. बोगदा नसता तर किती गेली असती, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच खोऱ्यात ज्यां-पिएर पेरोदें नावाचा एक डोंगरी शिकारी राहत असे. शॅमॉय नावाच्या पहाडी हरणांच्या मागे रानोमाळ भटकताना त्याने खडकांवरचे लांबच लांब ओरखडे आणि दरीत भलत्याच जागी पडलेले प्रचंड धोंडे पाहिले होते. हे धोंडे पाण्याने आणलेले नाहीत, एके काळी हे सारे खोरे बर्फाने भरलेले असले पाहिजे, असे तो सांगे. खाणतज्ज्ञ ज्यां द शार्पांतिए ह्यांना त्याने ते १८१५ साली सांगितले, तेव्हा त्यांना ते वेडगळ वाटले. व्हेनेट्सना मात्र पटले. १८२९ साली व्हेनेट्सनी हा विचार स्विस निसर्गशास्त्र संस्थेच्या सभेपुढे मांडला. ती सभा भरली होती ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील मठाच्या धर्मशाळेत! नंतर शार्पांतिएंचेही मत बदलले, त्यांनी लुई आगासींना पटवले, आणि १८३७ साली आगासींनी हिमयुगाची कल्पना जगापुढे ठेवली. विद्यापीठांच्या पुस्तकांत आगासींचे नाव मोठ्या अक्षरांत असते. पेरोदेंचे नाव शोधावे लागते.

ह्या धर्मशाळेविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २,४६९ मीटर उंचीवरील ही धर्मशाळा संत बर्नार्ड ह्यांनी अकराव्या शतकात स्थापन केली. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना शोधून आणणे हे तेथील व्रतस्थांचे काम. त्यांचे ते धिप्पाड कुत्रे तर जगप्रसिद्धच आहेत. स्वतः गिर्यारोहक असलेल्या पोप अकराव्या पायस ह्यांनी १९२३ साली संत बर्नार्डना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पण त्या व्रतस्थांचे आणखी एक काम फारसे कोणाला ठाऊक नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ मार्क-ओग्युस्त पिक्ते ह्यांच्या पुढाकाराने १८१७ साली तेथे तापमापक आणि वायुभारमापक बसवण्यात आले, आणि व्रतस्थ मंडळी दररोज त्यांची नोंद घेऊ लागली. बाहेर वादळ असो, सण असो, मठात कोणी मृत्युशय्येवर असो, नोंद चुकायची नाही. प्रार्थनेच्या घंटेवर ज्यांचा दिवस बांधलेला आहे, त्यांना ठरावीक वेळी तापमापक वाचणे जड गेले नसावे. दोनशे वर्षांहून लांब अशी ही नोंदमाला उंच पर्वतांवरील हवामानाच्या जगातील सर्वांत जुन्या नोंदमालांपैकी एक आहे. आल्प्स किती तापले हे सांगताना आज शास्त्रज्ञ जे पुरावे देतात, त्यांत ही मठातली वहीदेखील असते.

आणखी एक नाव घेतले पाहिजे, लुई रांद्यू ह्यांचे. हे सव्हॉय प्रांतातील धर्मगुरू. शांबेरी येथे विज्ञान शिकवीत. हिमनदी घन बर्फाची असूनही नदीप्रमाणे वाहते, काठांपेक्षा तिचा मधला प्रवाह अधिक वेगाने चालतो, अरुंद जागी ती आकसते आणि रुंद जागी पसरते, असे त्यांनी १८४० साली सव्हॉयच्या हिमनद्यांवरील आपल्या ग्रंथात मांडले. पुढे ते आनसीचे महागुरुस्वामी झाले. स्कॉटिश शास्त्रज्ञ फोर्ब्स ह्यांनी १८४२ साली शामोनीत प्रत्यक्ष मोजमाप करून हेच दाखवले आणि कीर्ती मिळवली. १८६० साली जॉन टिंडाल ह्यांनी, जे काही धर्मगुरूंचे चाहते म्हणून प्रसिद्ध नव्हते, हे श्रेय मुळात रांद्यूंना जाते असे ठणकावून सांगितले, आणि त्यावरून मोठा वाद माजला. आज उत्तरेकडे अलास्कात रांद्यूंच्या नावाची एक हिमनदी आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फ समुद्राकडे किती वेगाने सरकते आहे ह्याचे गणित मांडताना शास्त्रज्ञ ज्या मूळ कल्पनेवर उभे असतात, ती ह्या महागुरुस्वामींच्या ग्रंथात आहे.

आता फीशकडे वळू. १८५० च्या दशकात आलेच पुन्हा वाढली होती. तेव्हा १६७८ च्या नवसाला बळ यावे म्हणून १८६२ पासून गावाने दरसाल मिरवणूक काढण्याचे ठरवले. दिवस धरला ३१ जुलै, संत इग्नेशियस लोयोलांच्या सणाचा. फीशहून एर्नरवाल्ड येथील प्रार्थनामंदिरापर्यंत ही मिरवणूक जाते. इतिहासाची गंमत अशी, की ही मिरवणूक सुरू झाली त्याच सुमारास हिमनदी मागे फिरली होती. त्या लोकांना हे ठाऊक नव्हते, आणि प्रार्थना फळली म्हणून ते आनंदले असतील तर त्यांना कोण हसणार? मेर्येलेन सरोवराचा धोकाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोगदा खणून आणि बर्फाची भिंत खचून ओसरला. मिरवणूक मात्र चालू राहिली.

हिमनदीही मागे हटतच राहिली. त्या काळापासून आजवर आलेचचे मुख ३ किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. हिमनदीच्या मध्यभागी कोंकोर्डिया नावाची गिर्यारोहकांची झोपडी १८७७ साली बर्फापासून थोड्याच उंचीवर बांधण्यात आली. आज तेथून बर्फावर उतरण्यासाठी कड्याला ४०० हून अधिक लोखंडी पायऱ्या लावाव्या लागल्या आहेत. झोपडी जागची हललेली नाही. बर्फ खाली गेले. पहिल्या माघारीत निसर्गाचा वाटा होता असे शास्त्रज्ञ म्हणतात. परंतु गेल्या काही दशकांतील वेग निसर्गाचा नाही. तो आपण जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा आहे. २०२२ आणि २०२३ ह्या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडने आपल्या हिमनद्यांतील १० टक्के बर्फ गमावले.

२००९ च्या सुमारास फीशच्या धर्मग्रामस्थांपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. दर ३१ जुलैला आपण परमेश्वराकडे मागतो आहोत, की ही हिमनदी वाढू देऊ नकोस. आणि वर पाहावे तर ती डोळ्यांदेखत आटते आहे. पाट तिच्यावर, वीज तिच्यावर, पाहुणे येतात तेही तिलाच पाहायला. मग आपण मागतो ते खरेच आपल्याला हवे आहे का? मिरवणूक बंद करणे सोपे होते. शब्द तसेच पुटपुटत राहणे त्याहून सोपे होते. त्यांनी दोन्ही केले नाही. नवसाचा हेतू बदलण्याची अनुज्ञा त्यांनी रोमकडे मागितली.

ख्रिस्तसभेच्या कायद्यात नवसाची व्याख्या मोठी नेटकी आहे. शक्य कोटीतील आणि अधिक चांगल्या गोष्टीविषयी, विचारपूर्वक आणि स्वखुशीने परमेश्वराला दिलेले वचन म्हणजे नवस. अशा वचनातील कृत्य तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात बदलता येते. पण हा एकट्या माणसाचा नवस नव्हता. कैक पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजांनी गावाच्या वतीने बोललेला होता. तो आपल्या मर्जीने बदलणे गावकऱ्यांना प्रशस्त वाटले नाही. २०१० साली, पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या कारकिर्दीत, रोमहून होकार आला. तेव्हापासून फीशचे लोक हिमनदी वितळू नये म्हणून प्रार्थना करतात. सदाचाराचे कलम बदलून द्यावे, अशी विनंती कोणी केली नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०११ साली, पोपच्या विज्ञान अकादमीने जगभरच्या तज्ज्ञांना रोममध्ये बोलावून पर्वतांवरील हिमनद्यांच्या भवितव्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. मूळचे तामिळनाडूचे वातावरणशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन आणि नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुत्झन हे त्यात अग्रभागी होते. हिमालयाचा विचार त्यात प्रामुख्याने होता, आणि हिमनद्यांचे अभ्यासक अनिल कुलकर्णी हे आपल्या कानांना घरचे वाटणारे नावही त्या यादीत आहे. हिमालयातील स्पिती खोऱ्यात २०१६ पासून ‘हिमांश’ नावाचे संशोधन केंद्र चालवणारी आणि अंटार्क्टिकावरील भारतीय मोहिमांची सूत्रे हलवणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे. अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल तेथील शीतगृहात ठेवून तपासले जातात. नारळी-पोफळीच्या सावलीत हे काम चालते, ह्याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटेल.

२८ मे २०२५ रोजी व्हाले प्रांतावर जे कोसळले, त्याची वार्ता आपण वाचली असेल. आलेच हिमनदीच्या एका फाट्याने वर चढत गेले की एक खिंड लागते. तिच्या पलीकडे ल्योचेनटाल नावाची दरी आहे. येशूच्या पवित्र शरीराच्या सणाला जुन्या लष्करी गणवेशात निघणाऱ्या ‘देवाच्या शिपायां’च्या मिरवणुकीसाठी ही दरी प्रसिद्ध आहे. तेथील ब्लाटेन गावाच्या डोक्यावर बर्च नावाची हिमनदी होती. वरचा कडा तुटून त्याचा मलबा तिच्यावर पडत राहिला, तो भार तिला सोसवला नाही, आणि बर्फ, खडक, माती एकदमच खाली आली. गावाचा बहुतेक सारा भाग गाडला गेला, चर्चसुद्धा. पर्वतांच्या पोटातील कायमचे गोठलेले थर सैल होणे हे कडा तुटण्याचे एक कारण असावे असे तज्ज्ञांना वाटते, मात्र ह्या एका घटनेपुरते ते सावधपणे बोलतात. डोंगराच्या हालचाली सतत मोजल्या जात असल्यामुळे सुमारे ३०० गावकऱ्यांना नऊ दिवस आधीच गुराढोरांसह बाहेर काढण्यात आले होते. एक वृद्ध मेंढपाळ दगावला. बाकी सारे वाचले. पण ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न लागले, आईबापांच्या अंत्यविधीचा मिस्सा झाला, ते आता दिसतदेखील नाही, ही त्या माणसांची कहाणी आहे.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला, ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकाला दहा वर्षे झाल्यानिमित्त रोमजवळ कास्तेल गान्दोल्फो येथे परिषद भरली होती. तेथे ग्रीनलंडहून आणलेला बर्फाचा एक मोठा तुकडा व्यासपीठावर ठेवला होता. पोप चौदावे लिओ पुढे झाले, त्यांनी त्या बर्फावर हात ठेवला आणि त्याला आशीर्वाद दिला. १६५३ सालच्या येशूसंघीयांनी बर्फाला थांबवण्यासाठी आशीर्वादित पाणी शिंपडले होते. कास्तेल गान्दोल्फोला त्या तुकड्यातून थेंब थेंब पाणी गळत होते.